चुकायचं तर सगळ्यांसारखं

रात्री घर शांत झालं की मी एक चलन सुरू करते.

टर्मिनलमध्ये एक ओळ टाइप केली की लॅपटॉपवर बिटकॉइनची छोटीशी खाजगी दुनिया उभी राहते. तिला रेगटेस्ट म्हणतात. तिथे नवे ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचे गठ्ठे, काढणाऱ्या मायनरांची शर्यत नाही, वीज पिणारी यंत्रं नाहीत, ब्लॉकसाठी दहा मिनिटं ताटकळणं नाही. ‘१०१ ब्लॉक काढ’ म्हटलं की पापणी लवायच्या आत ते निघतात आणि माझ्या वॉलेटमध्ये ५० नाणी दिसायला लागतात. १०१च का, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला होता. नव्या ब्लॉकमधून निघालेलं नाणं लगेच खर्च करता येत नाही, त्याला मुरावं लागतं. वर आणखी १०० ब्लॉक चढले की ते मोकळं होतं. खऱ्या नेटवर्कवर त्या १०० ब्लॉकना सोळा-सतरा तास लागतात, माझ्याकडे एक एंटर.

खऱ्या बिटकॉइनमध्ये मायनरचं बक्षीस दर २,१०,००० ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण चार वर्षांनी, निम्मं होतं. २०१२, २०१६, २०२० आणि २०२४, असं आतापर्यंत चार वेळा झालंय. रेगटेस्टमध्ये ते दर १५० ब्लॉकनंतर होतं, त्यामुळे मी एका संध्याकाळी ते दहा वेळा घडवून आणते आणि नंतर फोल्डर डिलीट करून टाकते. चलन संपलं. कुणाचं काही बुडालं नाही.

या खेळात मला सगळ्यात आवडतं ते वेगळंच. एकाच लॅपटॉपवर चार नोड, म्हणजे बिटकॉइनच्या प्रोग्रामच्या चार प्रती, चालू करायचे, त्यांना एकमेकांशी जोडायचं आणि मग मधला दुवा तोडायचा. दोन इकडे, दोन तिकडे. इकडे सहा ब्लॉक काढायचे, तिकडे सात. दोन्ही गटांना आपापला इतिहास खरा वाटत असतो, आणि त्यांच्यापुरता तो खरा असतोही. मग दुवा पुन्हा जोडायचा. क्षणभरात इकडचे दोघं आपले सहा ब्लॉक मोडतात आणि तिकडचे सात मान्य करतात. ना वाद, ना मतदान. ब्लॉकच्या ज्या साखळीवर जास्त काम झालंय ती खरी. हे मी शेकडो वेळा पाहिलंय, तरी ते सहा ब्लॉक उलगडताना लॉगकडे बघत बसते.

बिटकॉइनचा कोड तपासायच्या या कामात मी आले ती माझ्या मते टेस्टिंगमध्ये मुरलेली होऊन. आधीच्या नोकऱ्यांमध्ये सॉफ्टवेअरला मालक असायचा. काय बरोबर, हे कुठेतरी लिहिलेलं असायचं, आणि लिहिलेलं नसलं तर विचारायला माणूस असायचा. बग सापडला की दुरुस्त करायचा, नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवायची, विषय संपला. इथे सुरुवातीला माझी गोची झाली ती नेमकी इथेच. विचारायचं कुणाला? ज्याने २००८च्या ऑक्टोबरमध्ये या कल्पनेचा नऊ पानी आराखडा मांडला आणि २००९च्या जानेवारीत पहिला कोड बाहेर आणला, तो सातोशी नाकामोतो हे टोपणनाव मागे ठेवून २०११ सालीच निघून गेला. प्रोग्राम जगभर हजारो मशीनवर चालतो. तो स्वतःहून अपडेट होत नाही, आणि ‘अपडेट कर’ म्हणून कुणावर जबरदस्तीही करता येत नाही. एकाच वेळी दहा वर्षं जुन्या आणि कालच आलेल्या आवृत्त्या एकमेकांशी बोलत असतात, आणि त्या सगळ्यांनी प्रत्येक ब्लॉकबद्दल एकच उत्तर द्यायला हवं: चालेल किंवा चालणार नाही.

मग बरोबर म्हणजे काय?

याचं उत्तर मला पहिल्यांदा एका जास्तीच्या शून्याने दिलं. शिकायचं म्हणून मी बिटकॉइनची स्क्रिप्ट, म्हणजे नाणं खर्च करायच्या अटी लिहायची भाषा, चालवणारा एक छोटा प्रोग्राम स्वतः लिहीत होते. तीन किल्ल्या, त्यातल्या कुठल्याही दोघांच्या सह्या झाल्या की पैसे सुटतात, असा व्यवहार होता. सह्या दोन, किल्ल्या तीन, हिशेब सरळ. तरी माझा प्रोग्राम खरेखुरे, ब्लॉकमध्ये बसलेले व्यवहार नाकारत होता. मी सह्या मोजल्या, किल्ल्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. दोन संध्याकाळी अशाच गेल्या. मग लक्षात आलं की प्रत्येक व्यवहारात सह्यांच्या आधी एक रिकामं शून्य ठेवलेलं आहे, आणि मी ते कचरा समजून सोडून देत होते. मूळ कोडमध्ये या सह्या तपासणारी सूचना स्टॅकवरून, म्हणजे समोर रचलेल्या वस्तूंच्या चळतीवरून, गरजेपेक्षा एक वस्तू जास्त उचलते. बस, चूक आहे. पण पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या मशीनवर तीच चूक चालू आहे, म्हणून आजही प्रत्येक जण त्या जास्तीच्या हातासाठी एक शून्य ठेवून देतो. कळस म्हणजे २०१७ मध्ये याबाबत नवा नियम लागू झाला तोही चूक काढणारा नव्हता. जास्तीची वस्तू काहीही असेल तर त्यातून खोडसाळपणाला वाव राहतो, म्हणून ती वस्तू रिकामीच असली पाहिजे, एवढंच त्यात ठरलं. चुकीला रीतसर कुलूप लागलं.

माझा प्रोग्राम मात्र बरोबर होता. निरुपयोगी, पण बरोबर.

हे अंगवळणी पडायला मला बराच काळ लागला, आणि २०१३च्या मार्चमधली हकिकत वाचली नसती तर कदाचित पडलंही नसतं. त्या वेळी ०.८ ही नवी आवृत्ती आली होती. व्यवहारांची नोंद ठेवायला आधीच्या आवृत्त्या बर्कली डीबी नावाचा डेटाबेस वापरायच्या, नवीने जास्त वेगवान लेव्हलडीबी घेतला. ११ मार्चला एका मायनरने नेहमीपेक्षा मोठा ब्लॉक काढला. नव्या आवृत्तीने तो आनंदाने घेतला आणि जुनीला तो पचेना. कारण शोधायला गेलं तर ते बिटकॉइनच्या नियमांत कुठेच नव्हतं. बर्कली डीबी एका वेळी किती कुलुपं लावू शकते याला एक मर्यादा होती, आणि त्या ब्लॉकमुळे ती ओलांडली जात होती. कुणी लिहिलेला नसलेला, कुणाला ठाऊकही नसलेला एक नियम चार वर्षं सगळ्यांवर राज्य करत होता.

साखळी दुभंगली. माझ्या लॅपटॉपवरच्या चार नोडांसारखी, फरक इतकाच की यात लोकांचे खरे पैसे होते, आणि दुवा जोडून प्रश्न सुटणार नव्हता, कारण जुन्या आवृत्तीला नवा इतिहास मान्यच करता येत नव्हता. नवीला मात्र जुना इतिहास चालला असता. आता ठरवा, माघार कुणी घ्यायची? मायनिंगची जास्त ताकद नव्या आवृत्तीकडे होती, आणि कोड म्हणून बघितलं तर तीच योग्य होती. तरीही डेव्हलपर आणि मोठे मायनर यांनी बोलून ठरवलं की नव्यांनी मागे यायचं. ज्यांनी नव्या साखळीवर ब्लॉक काढले होते त्यांनी आपल्या बक्षिसावर पाणी सोडलं आणि जुनी आवृत्ती पुन्हा बसवली. काही तासांत जुनी साखळी पुढे गेली आणि जग परत एक झालं. वीसहून जास्त ब्लॉक, नियमानुसार अगदी निर्दोष, वाऱ्यावर गेले.

टेस्टर म्हणून या गोष्टीने माझी झोप उडवली. जो नियम आहे हे कुणालाच ठाऊक नाही, त्याची टेस्ट लिहायची कशी? याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे आजही नाही. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी बसवून दोघींच्या तोंडात एकच घास कोंबायचा, एवढंच करता येतं. फझिंग हा त्यातलाच प्रकार. प्रोग्रामला अर्धवट, वेडेवाकडे, निरर्थक बाइट रात्रंदिवस भरवत राहायचे आणि तो कुठे ठसकतो ते पाहायचं. हे काम इतकं कंटाळवाणं आहे की ते मशीनच करू जाणे. पण सकाळी उठून पाहावं तर कधीकधी एक फाइल पडलेली असते, सतरा बाइटची, आणि त्या सतरा बाइटपुढे बाइट वाचून अर्थ लावणारा अख्खा पार्सर लोळण घेतो.

त्या मानाने ज्ञात अपघातांचं बरं असतं. प्रत्येकाची टेस्ट होऊन बसलेली आहे. चुकीचे व्यवहार कोणते याची एक लांबलचक डेटा फाइल आहे. त्यात दोन-चार नोंदी अशा आहेत की रकमांची बेरीज ठरलेल्या कमाल मर्यादेपेक्षा नेमकी एका सातोशीने, म्हणजे नाण्याच्या दहा कोटीव्या भागाने, जास्त भरते. पहिल्यांदा वाचताना मला ते टेस्ट लिहिणाऱ्याचं नेहमीचं काठावरचं खुसपट वाटलं. ते खुसपट नव्हतं. १५ ऑगस्ट २०१० रोजी ७४,६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये एक व्यवहार आला. त्यात अर्धं नाणं आत होतं आणि बाहेर दोन रकमा, प्रत्येकी नऊ हजार दोनशे कोटींहून जास्त नाण्यांच्या. जगात कधीकाळी मिळून जेमतेम २ कोटी १० लाख नाणी निघणार! प्रत्येक रक्कम सुटी तपासली जात होती ती फक्त ऋण नाही ना, एवढ्यापुरती. दोघींची बेरीज मात्र ६४ बिटांत मावली नाही, गाडीच्या मीटरसारखी उलटली आणि शून्याच्या किंचित खाली जाऊन थांबली. बाहेर जाणारं आत आलेल्यापेक्षा कमी, म्हणजे सगळं ठीक, असं म्हणून प्रोग्रामने शिक्का मारला. १८,४४६ कोटी नाणी हवेतून आली. त्या काळी मंडळी कमी होती. काही तासांत दुरुस्त आवृत्ती आली, लोकांनी ती उतरवून घेतली, आणि चांगली साखळी खोट्या साखळीच्या पुढे गेली. आता कोडमध्ये रकमांची बेरीज झाली की दर वेळी ती मर्यादेत आहे का, हे पाहिलं जातं. ताकही फुंकून पितात तसं.

पण फुंकणाऱ्याचाही हात कधीतरी सुटतो. एकाच व्यवहारात एकच नाणं दोनदा खर्च केलंय का, ही तपासणी दोन ठिकाणी होतेय असं वाटून वेगासाठी एका ठिकाणची काढली गेली. ०.१४ आवृत्तीत, २०१७च्या मार्चमध्ये. दुसऱ्या ठिकाणी ती तशी होत नव्हती. दुहेरी खर्च होऊ नये म्हणून जो सगळा खटाटोप जन्माला आला, त्याच्या पोटात दुहेरी खर्चाच्या तपासणीतली फट दीड वर्ष पडून होती. कोड सगळ्यांसाठी उघडा, वाचणारे जगातले नामांकित, तरी कुणाला दिसली नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये ती कळवली गेली तेव्हा ०.१६.३ ही दुरुस्त आवृत्ती तातडीने बाहेर पडली आणि सोबत सांगितलं गेलं की या बगमुळे नोड बंद पडू शकतात. ते खरं होतं, पण अर्धं. हवेतून नाणी काढता येतात हे दोन दिवसांनी सांगितलं, मायनिंगची निम्म्याहून जास्त ताकद दुरुस्त आवृत्तीवर आल्यावर. सगळं उघड्यावर करणाऱ्या मंडळींनी दोन दिवस एक गुपित सांभाळलं. हे मला पटतं का? पटतं. पण दर वेळी थोडं अडखळूनच पटतं.

वाचून कळतं आणि वाचून सुटतंही. मला माझ्या एका टेस्टने हे चांगलंच शिकवलं.

आत आलेल्या रकमेपेक्षा बाहेर जाणारी रक्कम जास्त असेल तर व्यवहार नाकारला गेला पाहिजे, ही तपासणारी एक टेस्ट मी लिहिली. पायथनमध्ये तीसेक ओळी. व्यवहार बनवला, सही केली, मग बाहेर जाणारी रक्कम एका नाण्याने वाढवली आणि नोडकडे पाठवला. नोडने नाकारला. हिरवा टिळा. मी पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल कोडमध्ये घ्यायची विनंती, उघडली आणि खुशीत झोपायला गेले. सकाळी एका अनोळखी रिव्ह्यूअरची एकच ओळ आली होती: मूळ कोडमधली ती तपासणी काढून टाकून टेस्ट चालवून पाहिली का?

नव्हती पाहिली. काढली, कंपाइल केलं, चालवली. हिरवी.

मी खुर्चीत सरळ बसले. ज्या गोष्टीसाठी टेस्ट लिहिली ती गोष्टच कोडमध्ये नाही, आणि टेस्ट आनंदाने पास! झालं होतं असं की मी रक्कम वाढवली होती सही केल्यानंतर. त्यामुळे सही चुकीची ठरत होती, आणि रकमेची तपासणी काढली तरी व्यवहार सहीवर अडकत होता. उत्तर बरोबर, कारण भलतंच. आणि मी टेस्टमध्ये एवढंच विचारलं होतं की व्यवहार नाकारला का. का नाकारला, हे विचारलंच नव्हतं.

दुरुस्ती दोन ओळींची होती. रक्कम आधी वाढवा, सही नंतर करा, आणि नकाराचं नेमकं कारण टेस्टमध्ये लिहा. पण त्या दिवसापासून माझा कुठल्याच हिरव्या टिळ्यावर विश्वास राहिला नाही. आता मी दुसऱ्यांच्या टेस्ट बघते तेव्हा आधी कोड मोडते. एक तुलना उलटी फिरवते, एखादा ‘मोठा’चा ‘मोठा किंवा समान’ करते, आणि टेस्ट ओरडते का ते पाहते. ओरडली नाही तर तीच ओळ मी लिहून पाठवते, आणि पलीकडचा माणूस खुर्चीत सरळ बसला असणार याची मला खात्री असते. या मंडळींत मान्यता द्यायची पद्धतही अशीच कोरडी आहे. ‘अ‍ॅक’ लिहायचं, आणि नेमका कुठला कमिट, म्हणजे कोडमधला नोंदलेला बदल, पाहिला त्याचा हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखी खूण, सोबत द्यायचा. नुसतं वाचलं, चालवून पाहिलं नाही, तर तसं स्पष्ट लिहायचं. कौतुक क्वचित. मला आधी हे रुक्ष वाटायचं, आता कुणी जास्त कौतुक केलं की कोड नीट वाचला नसावा अशी शंका येते.

‘बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर’ हा इथला खरा घोष आहे, फक्त ते इंग्रजीत म्हणतात. तयार प्रोग्राम उतरवून घ्यायचा तर तो याच उघड्या कोडमधून बनलाय कशावरून? म्हणून प्रत्येक आवृत्तीच्या वेळी बरेच जण आपापल्या मशीनवर वेगवेगळा बिल्ड करतात आणि निघालेल्या फाइलींचे हॅश जुळवतात. २०२१ मधल्या २२.० आवृत्तीपासून त्यासाठी गिक्स नावाचं साधन वापरतात. एकाही बाइटचा फरक चालत नाही. मीही करते. काही तास पंखा घोंगावत राहतो, मग चौसष्ट अक्षरांची एक ओळ येते, आणि ती जगाच्या दुसऱ्या टोकाच्या, मी कधीही न भेटलेल्या माणसाच्या ओळीशी अक्षरन् अक्षर जुळते. त्या क्षणी जे वाटतं त्याला नाव देत बसत नाही.

टेस्टनेटची गंमत राहिलीच. ते सार्वजनिक सराव नेटवर्क, तिथली नाणी मुद्दाम बिनमोलाची. तरी लोक ती साठवायला आणि विकायला लागले. २०२४ मध्ये नवं टेस्टनेट काढलं गेलं, चौथं. त्यात मूळ बिटकॉइनमधली एक जुनी फट बुजवून टाकलीय, कारण तिथे नव्याने सुरुवात करण्याची सोय होती. त्या फटीच्या मुळाशी जी चूक आहे तिचं मला वेड आहे.

ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी यावेत म्हणून दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे दोन आठवड्यांनी, काठिण्य, म्हणजे ब्लॉक काढणं किती अवघड असावं ते, नव्याने ठरतं. त्यासाठी गेल्या २,०१६ ब्लॉकना किती वेळ लागला ते पाहायचं. कोड पहिल्याची वेळ घेतो, शेवटच्याची घेतो आणि वजाबाकी करतो. पण २,०१६ खांबांमध्ये अंतरं २,०१५च असतात. तुलना मात्र पूर्ण चौदा दिवसांशी. शाळकरी चूक. त्या ओळीवर कॉमेंट आहे, तिचा भावार्थ असा की जेवढे ब्लॉक चौदा दिवसांचे असावेत असं आपल्याला वाटतं तेवढं मागे जा. ‘असावेत असं वाटतं’ हे शब्द मला फार प्रामाणिक वाटतात.

गेल्या महिन्यात एका रात्री मी माझ्या कॉपीत ती चूक दुरुस्त केली. कोडमधला एक उणे एक खोडला, बस. नोड खऱ्या नेटवर्कला जोडला आणि शून्यापासून चालू केला. २,०१६ वर येताच तो कोसळला, कारण आता तो शून्याच्या आधीचा ब्लॉक मागत होता. पहिल्या वेळेपुरती सूट देणारी एक अट घातली, पुन्हा चालू केला. या खेपेला गाडी सुसाट. सुरुवातीच्या वर्षात मायनर इतके थोडे होते की काठिण्य तळालाच होतं, त्यामुळे माझं गणित आणि जगाचं गणित सारखंच येत होतं. दुसरा टप्पा गेला, पाचवा, दहावा, पंधरावा. ३२,२५५. मग ३२,२५६, ३० डिसेंबर २००९, जेव्हा काठिण्य पहिल्यांदा वाढलं.

नोडने तो नाकारला. काठिण्य चुकीचं, असं कारण लॉगमध्ये आलं. ज्याने ते हेडर, म्हणजे ब्लॉकचा मथळा, पाठवलं होतं त्या नोडशी त्याने संबंध तोडला आणि दुसऱ्याला विचारलं. त्यानेही तेच पाठवलं, त्यालाही तोडलं. मग तिसरा. मी तासभर बघत होते. एकेक करून जगातले नोड खोटं बोलताना सापडत होते आणि माझा नोड ३२,२५५ वर उभा राहून ३० डिसेंबर २००९च्या त्या एका बरोबर ब्लॉकची वाट पाहत होता. बाराच्या सुमाराला कंट्रोल-सी दाबलं आणि तो उणे एक जागेवर ठेवला.